मामांची काळी माती

“ताई, लोक कुत्रं पाळतात, तुझी पोरगी काटकी पाळून राह्यली!”

मामा अंगणात आईला सांगत होते आणि मी खिडकीच्या आत होते. ते भोकरदनजवळच्या गावाहून मोटारसायकलवर आले होते. मागच्या सीटवर दोरीनं आवळलेलं एक पोतं होतं.

काटकी म्हणजे माझी अझेलिया, थंड हवेतलं एक फुलझाड. डोंगरातल्या एका रोपवाटिकेतून कुरिअरनं मागवलेली. थंडीत तिची पानं झडतात, टोकांना तेवढ्या कळ्या राहतात. हे मी घरात सांगितलं होतं, पण इतक्या हळू की फक्त झाडालाच ऐकू गेलं असावं.

ती मूळची डोंगरउतारावरच्या रानातली. मोठ्या झाडांची सावली, कुजलेल्या पानांची आम्ल, भुसभुशीत माती आणि न थांबता निघून जाणारं पाणी, असं तिचं माहेर. जालन्यात यातलं काहीच नाही. म्हणून कुंडीत नारळाचा भुसा आणि कुजकी पानं भरली. बोअरचं खारं पाणी बंद करून गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी घालू लागले. उन्हाळ्यात तिला कूलरजवळ ठेवलं, तेव्हा बाबा म्हणाले, “ही जागा मला आजवर मिळाली नाही.”

मामांनी पोतं सोडलं. आत काळीभोर माती होती.

“कपाशीच्या वावरातली हाय. चाळून आणली. आधी हा भुसा फेकू, मंग बघ कशी फुटते!”

आई हरखून गेली. मामांनी तिला कधी साडीसुद्धा इतकी निवडून आणली नव्हती. आणि आमच्याकडे मामांच्या मातीला नाव ठेवणं म्हणजे अख्ख्या आजोळाला नाव ठेवणं.

पण ती माती चुनखडीची, चिकट, पाणी धरून बसणारी. त्यात अझेलियाची मुळं गुदमरून कुजली असती. माझं उत्तर तयार होतं, पण झाडाबद्दल वाचलेलं सगळं इंग्रजीत, म्हणून तेही इंग्रजीतच. त्याचं मराठी करेपर्यंत मामांनी कुंडी आडवी करून थोपटायला सुरुवात केली. भुसा सांडला. केसांसारखी बारीक मुळं उघडी पडली.

मी अनवाणीच बाहेर धावले आणि दोन्ही हातांनी कुंडी धरली. मामा, आई आणि कुंपणापलीकडच्या काकू, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मामा, तुमची माती लई भारी आहे, पण हिला पचायची न्हाई. तिच्यात मी वांगी लावते. हिला सोडा!”