डबलरोटीतला चक्का

जंगलूनं जन्मात अंडं चाखलं नाई, अन् वर्धा स्टेशनावर त्याच्याइतकं झकास अंड्याचं सँडविच कोनी बनवत नव्हतं. हसू नका. पंचावन सालची गोष्ट हाय. मी तिथंच, रिफ्रेशमेंट रूममधे टेबलं पुसत होतो.

अंडी बारा मिनिटं उकडाची, थंड्या पान्यात टाकाची, सोलून काट्यानं कुस्कराची. मंग लोनी, मीठ, मिऱ्याची पूड, वाटलेली मोहरी, बारीक चिरलेली काकडी. डबलरोटीच्या कडा कापून आत हे भराचं. तापलेल्या डब्यात दिवसभर बसून आंबलेल्या मान्साले तो मऊ, थंडगार घास असा गोड लागे, का मेल हलली तरी लोकं खिडकीतून हात काढून मांगत. पन जंगलू होता माळकरी. गळ्यात तुळशीची माळ. पोटासाठी अंड्याले हात लावाचा, अन् घरी गेला का विहिरीवर आंग धुतल्याबिगर आत पाय टाकाचा नाई. मंग मीठ कोन पाहीन? "घनश्याम, चाख रे." सोळा वर्षं त्याची नोकरी माह्या जिभेवर चालली. मले अंड्याचा वीट आलता, खोटं काऊन बोलू?

त्याची खोली नालवाडीत. बायको बायजा, तीबी माळकरी, त्याच्याहून कडक. त्या साली तिले मुदतीचा ताप आला. ताप गेला, पन बाई काही उठेना. दूध पोटात ठरेना. डाक्टरीनबाई म्हने, "हिच्या आंगात रक्त राह्यलं नाई. अंड्यात जेवढी ताकत हाय तेवढी हिले दुसऱ्या कशातून पचनार नाई. रोज दोन द्या, तीन महिने."

बायजा खाटेवरूनच म्हने, "मरन, पन अंडं तोंडात घालनार नाई."

दुसऱ्या दिवशी जंगलू कामावर आला तं तोंड पार उतरलेलं. "रोज पन्नास लोकायले खाऊ घालतो," म्हने, "अन् घरची हाडं होऊन पडून राह्यली." मी टेबल पुसत राह्यलो.

दोन दिवसांनी त्यानं बाजारातून सवताची अंडी आनली. कुस्करली, त्यात दह्याचा चक्का घातला, हळद, जिरं, मोहरी जरा जास्तच. माह्यापुढं बशी धरली.

"चक्क्यावानी लागते का?"

"अंड्यावानी लागते."

पुन्हा चक्का, पुन्हा जिरं. तिसऱ्या दिवशी मी म्हनलो, "लागते बावा आता." तसं बायजानं तरी अंडं कधी चाखलं होतं? डबलरोटी पोटाले हलकी, आत सायबी चक्का, असं सांगून त्यानं तिले खाऊ घातलं. अन् तिले आवडलं! दुसऱ्या दिवशी म्हने, "अजून आनजा."

त्याच दिवशी जंगलू धाम नदीवर गेला अन् सवताची माळ पान्यात सोडून आला. माह्यं डोकंच फिरलं. "अरे येड्या, अंडं खाल्लं तिनं, माळ तू काऊन काढली?"

"तिले ठाऊकच नाई, तं तिले पाप नाई," म्हने. "पन कोनाले तरी लागनच ना? माळ घालून मले रोज खोटं बोलनं होत नाई." अन् एवढं करून हा मानूस अंडं खात होता का? नाव नको. मीठ अजूनबी मीच पाहात होतो.

महिन्यात बायजा उठून बसली. दुसऱ्या महिन्यात विहिरीवर गेली, गालावर मांस दिसू लागलं. अन् उभी राह्यली तसं पह्यलं काय पाह्यलं असन, तं नवऱ्याचा मोकळा गळा. "तुटली," म्हने हा. "मंग नवी घाला," म्हने ती. हा घालेना. स्टेशनावरचा मानूस, गळ्यात माळ नाई, अजून काय समजाचं? हा चोरून अंडी खाऊ लागला, असंच तिले वाटलं. तिनं त्याचं ताट अलग केलं, लोटा अलग केला. घरात येऊ दे, पन चुलीपाशी नाई.

मी रोज भांडलो त्याच्याशी. "सांगून टाक ना एकदाचं!"

"सांगितलं तं वकून टाकन, अन् पुन्हा खाटेवर."

"अन् तुह्यं काय?"

"माह्यं काय," म्हने, "मी कुठं खाटेवर हावो?" अन् काकडी चिरत बसला. थकलाच होता तो. त्याले पाहून पाहून मीबी थकलो होतो.

एका रविवारी त्याच्या घरी गेलो. जंगलू बाहेर ओट्यावर एकटाच जेवत होता. बायजानं मले गूळ-पानी देलं. चांगली उभी होती बाई, आवाजबी खनखनीत.

"भाऊजी," म्हने, "देवानं मले हात देला, अन् यायनं पाहा काय केलं. उद्यापासून तो चक्का तुमीच आनून देत जा. यायच्या हातचं मी खानार नाई. तुमी माळकरी नसान, पन लपवून तं काही करत नाई ना."

मी ओट्याकडं पाह्यलं. जंगलूनं वर पाह्यलंच नाई. भाकर मोडता मोडता म्हने, "आनत जा रे घनश्याम. अजून एक महिना बाकी हाय."