मुंजाबाचे वीस उंदीर

चाळीस वर्षं मी रंगमंचावर राजे केले, राक्षस केले, भेदरलेल्या माणसाची सोंगंही पुष्कळ काढली. पण खरी भीती मी पाहिली ती पडेगावात, माझ्या शेजारच्या मुंजाबाच्या चेहऱ्यावर.

मेंढरं राखणाऱ्या घरातला हा देवमाणूस. अठ्ठ्याऐंशी साली तो शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पांढरे उंदीर सांभाळायचा. बायको सुगंधाबाईच्या वडिलांकडची, गाठीवर देतात ती औषधी मुळी त्यानंच तिथल्या संशोधक बाईंना नेऊन दिली होती. बाईंनी वीस उंदरांच्या मांडीत कॅन्सरची गाठ वाढवली. दहांना मुळीचा अर्क पाजायचा, दहांना नुसतं पाणी. पाजणारा मुंजाबा.

इकडे सुगंधाबाईच्या छातीतही सुपारीएवढी गाठ. तीही तीच मुळी घ्यायची. दवाखान्याचं नाव काढलं की हसायची, "आधी तुमचे उंदीर बरे होऊ द्या."

एका दुपारी मुंजाबा माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"आप्पासाहेब, दोन्ही पिंजऱ्यांत गाठी सारख्याच वाढल्या. चौदा मेले."

"म्हणजे मुळी पाण्यासारखीच निघाली."

"पाणी कुणालाच नव्हतं पाजलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आमच्यात एका मेंढराला औषध दिलं तर अख्ख्या कळपाला देत्यात. निम्म्यांना औषधाबिगर कसं ठिवू? वीसच्या वीसांना मुळीच पाजली."

"अरे, मग बाईंना सांग! नोकरीला भितोस?"

"नोकरीला नाय. बाई म्हणतील, प्रयोग वाया गेला, पुन्हा करू. मग ही पुन्हा दोन महिने थांबंल. मला तर दिसलंय की! वीसांनी मुळी पिली, एकाचीबी गाठ उतरली नाय."

"काय वो, नाटक बसवताय का दोघं?" मागं सुगंधाबाई उभी होती. मुंजाबानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

तिचा हात पदराआड छातीवर गेला. "वीसच्या वीस?"

"व्हय."

मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "आप्पासाहेब, उद्या तुमीबी चला. ह्यांना डॉक्टरपुढं बोलता येत नाय. तुमचा आवाज मोठा."

सकाळी मुंजाबा आधी बाईंना खरं सांगून, बोलणी खाऊन दवाखान्यात आला. सुगंधाबाईचं नाव पुकारलं. तिनं मुळीची पुरचुंडी माझ्या मुठीत कोंबली. हजारोंपुढं गर्जणारा मी. माझ्या घशातून शब्द फुटेना.

"व्हय, मी हाय," तीच म्हणाली आणि आत गेली.

दार लागलं. मुंजाबानं माझं मनगट धरलं. ते दार उघडेपर्यंत काही सोडलं नाही.