कोणतं तापमान खरं?

कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, तेव्हा संगणकानं दिलेला आकडा बरोबरच असतो अशी माझी समजूत होती. आम्ही जनावरांच्या रोगांच्या तपासण्या तयार करतो. माझ्या वाट्याला गोचीडताप आला. या तापाच्या जंतूचे दोन अगदी जवळचे प्रकार आहेत. एक गाय लोळवतो, दुसरा फारसा त्रास देत नाही. आम्ही पाहत होतो त्या जागी दोघांच्या डीएनएत फक्त एका अक्षराचा फरक होता.

तो फरक पकडायला डीएनएचा छोटा तुकडा बनवून घेतात, त्याला प्रोब म्हणतात. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग असतो, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू. प्रोब जंतूच्या डीएनएला चिकटला की ताठ होतो, टोकं दूर जातात आणि नळी चमकते. मग हळूहळू तापवलं की जोडी सुटते, चमक मंदावते. ज्या तापमानाला निम्म्या जोड्या सुटलेल्या असतात, ते वितळण्याचं तापमान. नेमकी जुळलेली जोडी उशिरा सुटते. एक अक्षर चुकलेली लवकर.

हे तापमान आधीच हिशोबानं काढता येतं, असं मी शिकले होते. मी प्रोबची अक्षरं तो हिशोब करणाऱ्या एका वेबसाइटवर टाकली. सत्तावन्न अंश आलं. खात्रीसाठी दुसरीवर टाकली, तर एकसष्ट. प्रोब आणि गाय लोळवणाऱ्या प्रकाराचा डीएनए घालून यंत्रात प्रत्यक्ष नळी तापवली तेव्हा पासष्ट.

मी अक्षरं पुन्हा तपासली. कुठं उलटी तर टाकली नाहीत? नव्हती. नवी नळी केली. पुन्हा पासष्टच. शेवटी अक्कांकडे गेले. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख, मूळच्या कलबुर्गीच्या, कन्नड बोलणाऱ्या. पण माझ्याशी मराठीच बोलत.

"इतकी घाबरलीस कामून?" त्यांनी विचारलं. "मीठ किती घातलंस?"

"नळीत? नेहमीचंच."

"नळीत न्हाई गं. वेबसाइटीत."

मला कळेना. त्यांनी खुर्ची ओढली आणि पानाच्या तळाशी असलेल्या चौकटी दाखवल्या. तिथं मिठाचं प्रमाण आधीच भरलेलं होतं, मॅग्नेशियमच्या चौकटीत शून्य. आमच्या नळीत मॅग्नेशियम होतं, आणि त्यानं जोडी घट्ट होते. या चौकटी मी रोज बघत होते, पण त्या आपल्यासाठी आहेत असं कधी वाटलंच नव्हतं. खरी प्रमाणं भरली, तेव्हा दोन्ही वेबसाइटी जवळ आल्या. एक बासष्ट म्हणाली, दुसरी त्रेसष्ट.

"तरी दोन्हींचं एक न्हाईच झालं," मी म्हणाले.

"कसं होईल? कोणत्या अक्षराशेजारी कोणतं अक्षर बसलंय, त्यावर जोडीची ताकद ठरते. ती ताकद वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी मोजली. या दोन वेबसाइटींनी वेगळे तक्ते घेतलेत."

"आणि नळी पासष्ट कामून दाखवायली?"

"टोकाला रंग आहे न्हवं? तोही जोडीला थोडा धरून ठेवतो."

"थोडा म्हणजे किती?"

अक्का हसल्या. "ते मलाही कुणी सांगितलं न्हाई."

संध्याकाळी मैलूरला घरी आले. आमचे हे हायस्कुलात गणित शिकवतात. जेवताना मी सगळं सांगितलं.

"मग बरोबर उत्तर कोणतं?" त्यांनी विचारलं.

"नळीचं धरायचं."

"मग हिशोब कशाला करायलीस?"

"अहो, हिशोब केल्याशिवाय प्रोब बनवायचा तरी कसा?"

"पण हिशोब तर चुकतोय."

"चुकत न्हाई," मी म्हणाले, आणि माझाच आवाज चढला. "जवळपास येतोय."

"गणितात जवळपास नसतं."

मी चिडून भाजीचं भांडं उचललं. राग त्यांच्यावर नव्हता. त्यांनी विचारलं तेच मी दिवसभर स्वतःला विचारत होते.

पुढच्या आठवड्यात एक अक्षर चुकलेल्या, म्हणजे फारसा त्रास न देणाऱ्या प्रकाराच्या डीएनएवर तोच प्रोब लावला. वेबसाइटींनी नेमक्या जुळलेल्या जोडीहून सहा अंश खाली सांगितलं होतं. नळीतही जवळजवळ सहाच अंश खाली आलं. हिशोबाचे दोन्ही आकडे चुकलेले, पण त्यांच्यातलं अंतर बरोबर! मला आनंद झाला. वाटलं, आकडा नाही तर नाही, अंतर तरी विश्वासाचं. म्हणून त्याच कामासाठी दुसऱ्या जागेवरचा एक प्रोब करून पाहिला. त्यात अंतरही हिशोबाच्या निम्मंच भरलं. आता नेमका भरवसा कशावर ठेवायचा, तेच समजेना.

अक्कांनी पहिलाच प्रोब ठेवायला सांगितला. गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने आले, काही माझ्या माहेरच्या, ठाणाकुशनूरच्या बाजूचेही. पडद्यावर दोन तऱ्हेच्या रेषा उतरल्या, साध्या प्रकाराच्या आधी, गाय लोळवणाऱ्याच्या नंतर, मध्ये चांगली मोकळी जागा. कोणत्या गायीला औषध द्यायचं ते डॉक्टरांना कळलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं.

"म्हणजे जमलं की!"

"व्हय, जमलं."

"मग तोंड असं कामून?"

काम झालं होतं, गायींना उपचार मिळणार होते, आणि त्या प्रोबनं पासष्ट का दाखवलं हे मला अजूनही धड माहीत नव्हतं. अक्कांनी दुसऱ्या रोगाच्या जंतूची अक्षरं पाठवली आहेत. काल मी ती टाकली, मीठ भरलं, मॅग्नेशियम भरलं. आकडा आला. तो वहीत लिहिला, शेजारी नळीच्या आकड्यासाठी जागा मोकळी सोडली, आणि मग प्रोब मागवला.