जॉबरमामांचा ग्रुप

जॉबरमामांना उत्तर ठाऊक असायचं आणि तरी ते गप्प बसायचे. याचा मला इतका संताप यायचा की आजही आठवलं तरी कपाळाला आठी पडते.

सोलापुरात आमची कंपनी यंत्रमागाचे सुटे भाग बनवायची. मी मॅनेजर, मामा माग दुरुस्त करणारे जुने जॉबर. आमचा माल वापरणाऱ्या गावोगावच्या जॉबरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्यांनी काढला होता. कुणी विचारलं, 'धोटा मधेच अडकतोय, काय करू?' की मामा मोबाइल टेबलावर ठेवून निवांत चहा पीत.

"अहो, सांगा ना! त्याचा माग बंद आहे," मी ओरडे.

"थांबा की साहेब. मालेगावचा सांगल. मी सांगितलो तर उद्या पण मलाच विचारतेत."

आणि मालेगावचा सांगायचाच!

दुसरा छळ म्हणजे खरं बोलणं. आमचा भाग एखाद्या मागाला बसत नसेल, तर ते ग्रुपवर सरळ लिहीत, 'आमचा नको, दुसऱ्याचा घे.'

"पगार कुणाचा खाता, मामा?"

"तुमचाच की. एकदा फसला तर परत येतोय व्हय तो?"

गिऱ्हाईक परत यायचं, वर दोघांना घेऊन. ग्रुपवरच्या तक्रारी वाचूनच आम्ही एका भागाची जाडी बदलली आणि तो धडाधड खपू लागला. मालकांनी विचारलं, "ग्रुपची कल्पना कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. मामा तिथं नव्हते.

कल्पना माझी म्हटल्यावर ती सुधारणं आलंच. ग्रुपचा ताबा घेऊन तिथं फक्त कंपनीनंच लिहायचं, असं मी करून टाकलं आणि रोज सकाळी मालाचे फोटो टाकू लागलो.

मामा तणतणत आले. "लोकांची तोंडं बांधून जेवायला बोलावलात की, साहेब!"

मी ऐकलं नाही. दोन-तीन महिन्यांत माणसं गळाली, मागणी घटली. मालकांनी दोघांनाही समोर उभं केलं.

"हे लोकांना दुसऱ्यांचा माल घ्या म्हणून सांगत होते," मी म्हणालो. शब्द खरे होते, म्हणूनच खपले.

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "ग्रुप उघडा तेवढा," म्हणाले आणि नोकरी सोडून गेले. मी तेवढंही केलं नाही.

गेल्या महिन्यात ते वारले. घरच्यांना भेटायला गेलो, तर दारात परगावचे जॉबर जमलेले. मामांनी नंतर स्वतःचा वेगळा ग्रुप काढला होता, हे तिथं कळलं. कधीही न भेटलेली ती माणसं ग्रुपवरच्या व्हॉइस मेसेजमध्ये ऐकलेल्या नुसत्या आवाजावरून एकमेकांना ओळखत होती. "आरं, तू भिवंडीचा न्हवं?"

एकानं मला पाणी दिलं. "काका, तुमी मामांचे कोण?"

"शेजारी," मी म्हणालो.

मी शेजारी नव्हतो. मी त्यांचा मॅनेजर होतो. ग्रुप त्यांचा होता, बुडवला मी.