मेजावर एकच डबा

वर्लिन ओस्टगार्डच्या रायफलीची गोळी कुठे लागली, हे मला कुणी सांगावं लागत नाही. शिकारीचं मांस कापून, बांधून द्यायचा माझा धंदा आहे. तेहतीस वर्षं या गावातली हरणं आणि एल्क, म्हणजे इथली थोराड सांबरं, माझ्याच टेबलावर येतात. माणसं तोंडाने काहीही सांगतात. "अगं मार्ला, चारशे यार्डांवरून उडवला, जागच्या जागी पडला," म्हणतात आणि गोळी सापडते मागच्या मांडीत. मग मी नासलेलं मांस कापून टाकते आणि त्या बहाद्दराला चार शब्द ऐकवते. वर्लिनच्या गिऱ्हाइकांना मात्र मला कधी बोलावं लागलं नाही. खांद्यामागे एक भोक, बस्स.

वर्लिन नाकावर माशी बसू देत नसे. घराशेजारच्या गॅरेजमध्ये त्याचं लेथ होतं, त्यावर तो रायफली घडवायचा. शिंप्याने कोटाचं माप घ्यावं तसा तो रायफलीचं माप घ्यायचा. हात किती लांब, मान किती, गाल कुठे टेकतो. मग विचारायचा, "किती लांबून मारणार?" कुणी ऐटीत हजार यार्ड म्हणाला की उत्तर ठरलेलं: "मग आधी निम्मं अंतर चालत जा. बरंच जवळ पडेल." त्यावर जो हसला त्याची रायफल व्हायची, जो रागावला तो पुढच्या गावातल्या रायफलवाल्या प्रुइटकडे जायचा. प्रुइटला वर्लिन 'नळ बसवणारा' म्हणायचा, तेही त्याच्या तोंडावर.

गिऱ्हाइकांच्या सगळ्या रायफलींना दुकानातली काडतुसं चालायची. एक सोडून.

ती रायफल त्याने बायको, आर्लिस, गेली त्या हिवाळ्यात केली. मुलगी जोलीन तेव्हा नुकतीच बिलिंग्ज शहरात नर्स म्हणून लागली होती. जोलीन डावखुरी, हात आखूड. वीस वर्षं वाळवत ठेवलेलं अक्रोडाचं लाकूड त्याने तिच्या रायफलीच्या दस्त्यासाठी काढलं आणि तळहाताने तेल चोळून चोळून त्याला रंग आणला. नळी लेथवर इतकी हळू कातली की मी एकदा हरणाची भाजलेली तंगडी घेऊन गेले, गप्पा मारून परत आले, तरी तो तिथेच वाकलेला होता. काडतूसही त्याने स्वतःच्या मनाचं केलं. पितळेच्या पुंगळ्या साच्यात दाबून वेगळ्याच आकाराच्या करायच्या आणि एकेक हाताने भरायची. त्या काडतुसाला त्याने मुलीचंच नाव दिलं आणि नळीच्या मागच्या टोकाला ते ठोकलं.

"अरे, पण बिलिंग्जला ही काडतुसं कुठे मिळायची तिला?" मी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग?"

"मग काय? इथे यावं लागेल." कानशीवरून नजर न उचलता म्हणाला.

एकट्या माणसाची लबाडी होती ती, आणि तिचं मला वाईट वाटलं.

ती यायचीही. दर सप्टेंबरला, दोन रात्री. त्याआधीचा सगळा ऑगस्ट वर्लिन तिच्या काडतुसांसाठी बंदुकीची दारू जुळवत बसे. नळी झिजते, दारूचा नवा डबा जुन्यासारखा नसतो, त्यामुळे दरवर्षी नव्याने सुरुवात. तराजूवर किंचित वाढवायची, पाच काडतुसं भरायची, शेजारच्या कुरणात जाऊन सातशे यार्डांवरच्या पत्र्यावर झाडायची, वहीत लिहायचं. पुन्हा किंचित वाढवायची. पाचही भोकं एका बशीखाली झाकली गेली की म्हणायचा, "ही तिची."

गॅरेजातल्या मेजामागच्या भिंतीवर पाटी होती: मेजावर एकच डबा. दारूच्या दोन जाती दिसायला अगदी सारख्या, बारीक काळ्या काड्या. एक सावकाश जळते, ती मोठ्या पुंगळीची. दुसरी भसकन जळते, ती छोट्या पुंगळीची. ती चुकून मोठ्या पुंगळीत गेली तर रायफल फुटते, आणि रायफलीला गाल लावलेला असतो. म्हणून एक डबा बाहेर, बाकीचे कपाटात कुलूपबंद. एकदा मेहुण्याने नुसता बघायला म्हणून दुसरा डबा मेजावर ठेवला, तर वर्लिनने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. पुढे दोघं बोलले ते आर्लिसच्या दफनाच्या दिवशी.

गेल्या वर्षी जोलीनला डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. एकोणीस वर्षं दरवर्षी अर्ज करत होती. तो सोडतीत निघतो आणि बहुतेकांना जन्मात निघत नाही. वर्लिनने गावभर सांगितलं. मला तर तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा पहिल्यांदा सांगितल्यासारखं. मी म्हटलं, वय झालंय. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जोलीन आली, काडतुसांची डबी घेऊन दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला डोंगराकडे गेली. अकराच्या सुमाराला मी वर्लिनकडे सॉसेज द्यायला गेले. मेजावर दोन डबे होते. दोन्हींची झाकणं उघडी.

"वर्लिन, हा दुसरा कशाला काढलास?"

त्याने दोन्ही डब्यांकडे बघितलं. "तूच ठेवला असशील."

"मी आत्ता दारातून येतेय."

तो उठला, कपाट बघितलं. कुलूप कडीला लोंबकळत होतं. मग वही उघडली. ज्या दिवशी तिची काडतुसं भरली त्या पानावर नुसती तारीख होती. खाली काही नाही.

"जोलीनच्या पुंगळ्यांत कुठली गेली?" मी विचारलं.

"हिरव्या डब्यातली. सावकाश जळणारी." मग पुन्हा वहीचं पान बघून म्हणाला, "हिरव्याच असणार."

डोंगराखाली फोन लागत नाही. माझ्या ट्रकमधून निघालो. चाळीस मैल, त्यातले शेवटचे अकरा मातीचे. वर्लिन दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसला होता. "जोरात चालव," एवढंच एकदा म्हणाला.

जोलीन ताडपत्रीवर पालथी पडली होती. समोर निशाण्याचा पुठ्ठा लावलेला, गाल दस्त्यावर. डोंगर चढण्याआधी दोनचार गोळ्या झाडून रायफलीवरची दुर्बीण तपासायची असते. मी हॉर्न दाबून धरला. ट्रक थांबायच्या आत वर्लिन उतरला, पण त्याने आवाज चढवला नाही.

"बोल्ट उघड, जोलीन."

तिने नळीमागची ती दांडी मागे ओढली. काडतूस उडून गवतात पडलं.

"काय झालं, बाबा? एवढ्या लांब आलात दोघं?"

"डबी दे."

"अरे, पण का?"

"मेजावर दोन डबे होते."

ती त्या पाटीखाली लहानाची मोठी झालेली. आधी हसली. "कुणाची हिंमत झाली?" वर्लिनने हात तसाच पुढे धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी बुटांकडे पाहिलं. मग ती उठली, गवतातलं काडतूस शोधून डबीत ठेवलं आणि डबी त्याच्या हातात दिली.

"कधीपासून होतंय हे, बाबा?"

"ते कळलं असतं तर ही वेळ आली असती का?"

ती काडतुसं घरी आणून वर्लिनने आणि मी उकलली. गोळी उपटायची, दारू ओतून घ्यायची. कुठली दारू होती ते काही कळलं नाही. कुठली ते ठाऊक नसलेली दारू कुणी ठेवत नाही. नेहमीप्रमाणे ती आर्लिसच्या गुलाबांच्या मुळाशी टाकली. कदाचित सगळी बरोबरच असेल. ते आता कुणालाच कळणार नाही, आणि त्याचाच वर्लिनला सगळ्यात जास्त त्रास झाला.

दोन दिवसांनी तो स्वतःच म्हणाला, "ही रायफल नळवाल्याकडे घेऊन चल." ट्रकमध्ये ती मांडीवर घेऊन बसला. मला वाटलं, प्रुइट आता तीस वर्षांचं उट्टं काढणार. पण हातातली सगळी कामं बाजूला ठेवून प्रुइटने नळीचं मागचं टोक दोन बोटं कापलं, नवे आटे पाडले आणि दुकानातलं काडतूस बसेल असं भोक केलं. कापलेलं टोक, त्यावरच्या नावासकट, फडक्यात गुंडाळून वर्लिनच्या हातात दिलं.

"इतकी सरळ नळी मी पाहिली नाही," प्रुइट म्हणाला.

"माहीत आहे मला," वर्लिन म्हणाला.

नोव्हेंबरात मेंढा माझ्या टेबलावर आला. खांद्यामागे एक भोक. मी हात धुऊन तशीच वर्लिनकडे सांगायला गेले.

"गोळी कुठली?"

"दुकानातली."

"नीट लागली?"

"नीट लागली."

त्याने ते कापलेलं टोक खिशातून काढून मेजावर उभं केलं. "मग आता ती कशाला येईल?"

मला रागच आला. "लेक बापासाठी येते, गोळ्यांसाठी नाही," मी ओरडलेच त्याच्यावर. माझा त्यावर विश्वास होता.

जोलीनने दारूचे डबे नेले, लेथची विजेची तार काढली, त्याच्याकडे रोज एक बाई यायची सोय केली. ती वाईट मुलगी नाही. दर रविवारी फोन करते. या सप्टेंबरला मात्र तिचा मला निरोप आला: वॉर्डात माणसं कमी आहेत, जमणार नाही, बहुतेक नाताळला येईन.

त्या शुक्रवारी वर्लिनने मला एक डबी दिली. पितळ लख्ख घासलेलं, प्रत्येक पुंगळीत गोळी अगदी सरळ बसवलेली. वर तिचं नाव. मी एक काडतूस कानाशी हलवलं. आत दारूचा एक कणही वाजला नाही.

"जोलीन आली की दे," तो म्हणाला. "मी जुळवून ठेवलीयेत."

अशा तीन डब्या आता माझ्या दुकानातल्या फळीवर आहेत. दर शुक्रवारी तो विचारतो, "नेल्या का तिने?" आणि मी सांगते, "नेल्या."