कंप्युटरला ताप येतो तेव्हा

म्हाताऱ्या माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, औषधं आणि किस्से. औषधं तरी संपतात! नातवंडं मला मोबाईल शिकवतात. अरे, तुमचे बाप चड्डीत होते तेव्हा कतारमधल्या दोह्याच्या कॉलेजात कपाटाएवढा कंप्युटर मी गार ठेवलाय! शिक्षण चौथी, धंदा एसी मेकॅनिक. ऐंशीच्या आसपासची गोष्ट.

*

बाहेर भट्टी, कंप्युटरच्या खोलीत हिवाळा. जूनमध्ये मी सूक वाकिफच्या बाजारात स्वेटर मागितला. दुकानदार हसला, "बुखार है क्या?"

म्हटलं, "मुझे नहीं, कंप्युटर को आता है. मैं उतारता हूँ!"

*

फ्रान्सिस, वसईचा, कंप्युटरचा ऑपरेटर. खोलीतल्या फरशीखालून गार हवा जायची. पठ्ठ्याने गुरुवारी एक फरशी उचलून खाली पापलेटं ठेवली आणि विसरला! मधे शुक्रवारची सुट्टी. शनिवारी आमचे मुख्य, मिसरचे म्हणजे इजिप्तचे, पीएच.डी.वाले डॉक्टरसाहेब, नाक दाबून ओरडले, "वायर जळतेय!"

फ्रान्सिस माझ्या कानात, "गणूदादा, मेलो मी!"

मासे सापडले. डॉक्टरसाहेबांनी फरशीखाली हात घालून गारवा पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याच फरशीखाली कलिंगड निघालं. त्यांचं!

*

कॉलेजची पोरं प्रोग्रॅम भोकांच्या कार्डांवर आणायची. एकाची पेटी जिन्यात सांडली, पाचशे कार्डं! पोरगा रडायच्या बेतात. मी म्हटलं, "पुढच्या वेळी गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ ओढ. रेघ जुळली की कार्डं जुळली." मी खोललेल्या मशीनचे पत्रे असेच लावायचो.

महिन्याभरात सगळ्यांच्या गठ्ठ्यांवर रेघ. डॉक्टरसाहेबांनी वर्गात विचारलं, "कुणी शिकवलं?" पोरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मी शिडीवर होतो!

*

मग कंप्युटरच्या कंपनीचा गोरा इंजिनियर आला. मला विचारलं, "तुला कंप्युटरमधलं काय कळतं?"

"एवढंच, की त्याला माणसापेक्षा जास्त उकडतं."

त्याला राग आला. म्हणाला, अडाणी माणूस आत नको, महिनाभर याच्याशिवाय चालवून दाखवतो, मग याचं कॉन्ट्रॅक्ट खलास! डॉक्टरसाहेब नाइलाजाने हो म्हणाले. मी खोलीच्या काचेबाहेर. घरी पाच तोंडं माझ्यावर.

*

त्याच महिन्यात नावनोंदणीच्या दिवशी वाळूचं वादळ झालं. व्हरांड्यात पोरांची रांग, आणि कंप्युटर दर दहा मिनिटांनी बंद! इंजिनियरने सर्किटचे तीन बोर्ड बदलले.

हवा येतेय का ते दिसावं म्हणून आतल्या जाळीला मी आधीच कागदाची पट्टी बांधली होती. ती मेल्यासारखी लोंबत होती. मी काच ठोठावली, "हवाच येत नाही!" त्याने पाठ फिरवली.

दार त्याचं, पण गच्चीवरचा एसी माझा! वर गेलो. फिल्टर वाळूने गच्च. नवा घातला, खाली आलो. पट्टी फडफडत होती, प्रिंटर टरटरत होता.

फ्रान्सिस नाचला, "गणूदादा, चालू!"

इंजिनियर म्हणाला, "माझ्या चौथ्या बोर्डाने!"

डॉक्टरसाहेब स्वतः गच्चीवर चढले, जुना फिल्टर आणून त्याच्या टेबलावर आपटला. वाळू सगळ्या कागदांवर. म्हणाले, "आजपासून या दाराची किल्ली गणूकडे."

दुसऱ्या सकाळी इंजिनियर आला, बुटांना अजून वाळू. मी दारात आडवा. "शूज आऊटसाईड!"

तो लालबुंद झाला. तक्रार करायला वळला.

मागे डॉक्टरसाहेब उभे होते. बूट हातात, पायांत नुसते मोजे!