फ्लेक्सवरची आत्या

आत्या खरी तिच्या भावाच्या मुलांची. पण कालव संवर्धन केंद्रात झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत, आणि तिला ते आवडे, कारण आत्याला कोणालाही रागवायचा हक्क असतो. तिने लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कोणी विचारलं की ती विचारणाऱ्याच्याच संसाराची अशी चौकशी सुरू करी, की पुन्हा तो विषय काढायची त्याची हिंमत होत नसे.

समुद्राकाठच्या त्या लांबलचक शेडमध्ये ती उमेदीची सगळी वर्षं कालवांची पिल्लं वाढवत आली होती. पिल्लं म्हणजे पाण्यात धुरळा तरंगावा इतकी बारीक. काही दिवस पोहायचं, शेवाळ खायचं, मग अंगावर शिंपला धरला की तळाशी उतरून एखाद्या जुन्या शिंपल्याला चिकटून बसायचं, असं त्यांचं बालपण. बसली की जगली. "आमच्या थोरल्यासारखं नाही," आत्या भाच्याबद्दल म्हणायची. "तो एका नोकरीत बूड टेकेल तर शपथ!"

मग नवे साहेब आले. त्यांना कालवांमधलं फारसं कळत नसे, पण मोहिमांमधलं फार कळे. आल्या आल्या त्यांनी 'प्लास्टिक हटवा, सागर वाचवा' ही मोहीम काढली आणि मोहिमेचं पहिलं काम म्हणून भलामोठा प्लास्टिकचा फ्लेक्स छापायला टाकला. कोणी हसलं नाही, कारण तो हुकूम होता.

"आत्या, मोहिमेचा चेहरा तुम्हीच," साहेब म्हणाले.

"इश्श, माझं काय वय आहे का आता फोटो काढायचं," असं म्हणत आत्या घरी गेली आणि वहिनीचा राणी कलरचा कुर्ता मागून घेऊन आली. हातात कालव, ओठांवर हसू, मागे निळा समुद्र. फ्लेक्स रस्त्यावरूनही दिसावा म्हणून साहेबांनी तो शेडच्या उघड्या बाजूला, पिल्लांच्या टाक्यांच्या बरोबर वर टांगला. वहिनी मुद्दाम बघून गेली.

"वन्सं, कुर्ता छान दिसतोय हो माझा," ती म्हणाली.

आत्याने मनावर घेतलं नाही. घरातल्या सगळ्या फोटोंमध्ये ती कडेला असायची, कोणाचं तरी मूल कडेवर घेऊन. एकटीचा असा हा पहिलाच फोटो होता. रोज सकाळी शेडमध्ये शिरताना ती आधी वर बघायची आणि मग टाक्यांकडे.

दोन उन्हाळ्यांत फ्लेक्सचा रंग उडाला. कडा विरल्या, वाऱ्यावर फडफडून त्याची सालं निघू लागली. त्याच सुमारास पिल्लांचं बिनसलं. पोहायची, पण खायची नाहीत. बसायची वेळ आली तरी नुसतीच गिरक्या घ्यायची. जी थोडी बसली त्यांचा शिंपला नखाखाली पापडासारखा फुटायचा.

आत्याने आकाशपाताळ एक केलं. मोहिमेमुळे तिचा सगळा संशय प्लास्टिकवर. आधी मासेमार नाखव्यांच्या नायलॉनच्या जाळ्यांवर आळ घेतला, मग किराणावाल्याच्या पिशव्यांवर. शेवटी रस्त्यापलीकडच्या लाँड्रीवाल्याच्या दारात जाऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुझ्या पिशव्यांनी माझी लेकरं मारली!"

"मी कागदात बांधून देतो हो आत्या!"

"आणि बटणं? बटणं कशाची असतात?"

आता शर्टांना बटणं काही लाँड्रीवाल्याने लावली नव्हती. पण तोंडी कोण लागणार? त्याने माफी मागून टाकली.

केंद्रात तपासणीच्या खोलीत एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी होती. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. ती कमी बोले, म्हणून आत्याला ती शिष्ट वाटे. एका दुपारी तिनेच आत्याला हाक मारली आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

काचेसारखं आरपार पिल्लू. पोटात शेवाळाचा हिरवट तपकिरी रंग दिसायला हवा होता. तिथे गुलाबी ठिपके होते.

"पोट भरलंय त्याचं," चष्मेवाली म्हणाली. "प्लास्टिकने. ते पचत नाही, सहज बाहेरही पडत नाही. भूक लागत नाही म्हणून खात नाही. मग शिंपला बांधायचा कशाच्या जोरावर?"

"पण आपण पाणी गाळून घेतो ना!"

"पाणी गाळतो. वरून पडतं ते कोण गाळतं?"

आत्या म्हणाली, "तो फ्लेक्स तर फिका पडलाय. गुलाबी राहिलाय कुठे त्याच्यात?"

"तेच तर. गेला कुठे तो रंग?"

आत्या शेडमध्ये गेली. टाकीच्या काठावरून तिने बोट फिरवलं. बोटाला बारीक पांढरट गुलाबी भुकटी लागली. ही भुकटी ती कित्येक दिवस पुसत होती, आणि नीट झाडत नाही म्हणून झाडूवाल्याला फैलावर घेत होती. वर फ्लेक्सवर तिचं हसू अजून शाबूत होतं. खालचा कुर्ता मात्र पुरता पांढरा पडला होता. आत्याला क्षणभर वाटलं, नुसता कुर्त्याचा भाग कापून काढला आणि चेहरा ठेवला तर? मग तिची तिलाच लाज वाटली, आणि ती साहेबांकडे गेली.

"पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार आहेत," साहेब म्हणाले. "मोहिमेचा फ्लेक्सच नसेल तर मोहीम दाखवायची कशी? तेवढे दिवस पिल्लांना जरा सांभाळून घेऊ द्या."

"सांगते त्यांना. पण साहेब, त्यांना कान नसतात."

"मग टाक्या हलवा."

टाक्या सिमेंटच्या होत्या. आत्याने साहेबांकडे असं पाहिलं की ते फाइल उघडून वाचू लागले. फाइल उलटी होती.

तिने टाक्या रिकाम्या केल्या. पिल्लं फेकायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. चष्मेवालीने ते पाणी बारीक कापडातून गाळलं, म्हणजे भुकटी पुन्हा समुद्रात जायला नको. कापडावर पिल्लं आणि भुकटी मिळून तळहाताएवढा ओला थर जमला. आत्या त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग तिने नाक पुसलं. चष्मेवाली खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवसापासून ती आत्याला शिष्ट वाटेनाशी झाली.

मग आत्याने शिडी लावली आणि स्वतः वर चढून दोऱ्या कापल्या. फ्लेक्स तिच्या हातातच फाटला. आधी हनुवटी गेली, मग कालव.

पाहुणे आले. साहेबांनी त्यांना रिकामी भिंत दाखवली आणि 'आमचं केंद्र फ्लेक्समुक्त आहे' असं ठणकावून सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग ते बाटलीतलं पाणी प्यायले आणि बाटल्या टेबलावर सोडून गेले. साहेबांचं कौतुक झालं. आत्याला कार्यालयीन मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल नोटीस मिळाली. खुलासा लेखी हवा होता. आत्याने एकच ओळ लिहिली: 'फ्लेक्स पिल्लांनी खाल्ला.' पुढे त्या प्रकरणाचं काही झालं नाही. बहुधा तो खुलासा कोणत्या फाइलला लावायचा ते कोणाला कळलं नसावं.

लाँड्रीवाल्याकडे जाऊन ती एवढंच म्हणाली, "बटणं नव्हती ती." यापेक्षा मोठी माफी तिने जन्मात कोणाची मागितली नव्हती, आणि लाँड्रीवाल्याला ते ठाऊक होतं. त्याने तिला बसायला स्टूल दिलं.

पुढची पिल्लं बसली. सगळी नाही, पण बरीच. तरी चष्मेवालीच्या काचेखाली अधूनमधून एखाद्या पोटात काळा धागा दिसतो, कधी निळा कण. गाळणीतूनही निसटेल इतकं बारीक, समुद्राच्या पाण्यातूनच आलेलं.

"हे कोणाचं?" आत्या विचारते.

"कोणाचं म्हणून सांगू? सगळ्यांचंच."

"म्हणजे आता भांडायचीही सोय राहिली नाही म्हण की!" आत्या म्हणते, आणि तरी सवयीने जाता जाता साहेबांना चार शब्द ऐकवून टाकीचं पाणी बदलायला जाते.